खुंट्याला दुसरा हात

पहाटे जात्यावर बसलेली बाई बहुधा एकटी नसे. घरभराचं दळण एकटीने ओढायचं म्हणजे खांदे भरून येत. म्हणून जाऊ, नणंद नाहीतर शेजारची कुणी समोर येऊन बसे आणि खुंट्याला दुसरा हात लागे. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने ती उचलून पुढे न्यायची. घरातले पुरुष आणि मुलं झोपलेली, दगडाची घरघर शब्दाला बाहेर जाऊ देत नाही, आणि समोर विश्वासाचं माणूस. माहेरची आठवण, सासरचा जाच, दगावलेलं मूल, नवऱ्याचा स्वभाव, सगळं त्या घरघरीच्या आडोशाने बोललं जाई. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या पुण्यातल्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांकडून एक लाखापेक्षा जास्त ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत भाऊ आहे, आई आहे, पंढरीचा विठ्ठल आहे. आणि जागोजाग शेजी आहे, गडणी आहे. म्हणजे कष्टाच्या ऐन मध्यात मैत्रीण आहे.

गिरणी आली हे फार चांगलं झालं. जात्याने बायकांच्या पाठी मोडल्या, झोपा मोडल्या; त्याचे गोडवे गाण्यात काही अर्थ नाही. पण दळणाबरोबर समोरची ती जागाही गेली, आणि तिचं पुढे काय झालं हे कुणी विचारलं नाही. नळ घरात आला आणि पाणवठा संपला. धुणं यंत्रात गेलं. उन्हाळ्यातल्या शेवया, कुरडया आणि पापड, ज्यांच्यासाठी चार घरच्या बायका पाळीपाळीने एकेकीच्या अंगणात जमत, ते आता पाकिटातून येतात. काम कमी झालं का? थोडं झालं. पण जे उरलं ते एकटीचं झालं.

व्यग्र आईने मैत्री कशी करावी आणि ती कशी टिकवावी हे सांगताना मी सुरुवात इथून करते, कारण बहुतेक सल्ले भलतीकडून सुरू होतात. ‘स्वतःसाठी वेळ काढा’ असं सांगितलं जातं. ज्या बाईचा दिवस पाच वाजता डब्याने सुरू होतो आणि रात्री उद्याच्या डब्याची भाजी निवडून संपतो, तिने वेळ काढायचा कुठून? आपल्याकडच्या बाईच्या मैत्रीला वेगळा वेळ कधीच नव्हता. ती कामाच्या आत होती, वाटेत होती, सणाच्या निमित्तात होती. आज ती पुन्हा तिथेच रोवता येते का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

दिवसाचा हिशेब सरकारनेच मांडून ठेवला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, आणि जे पुरुष असं काम करत होते ते 97. यात मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं धरलेलं नाही, ते वेगळं. शंभर बायकांपैकी 81 जणी असं काम करत होत्या, शंभर पुरुषांपैकी 26 जण. पाच वर्षांनी, 2024 मध्ये तीच पाहणी पुन्हा झाली; बायकांचा आकडा 289 वर आला, पुरुषांचा 88 वर. म्हणजे बाईची दहा मिनिटं वाचली, पण ती घरातल्या पुरुषाने उचलली असं काही त्यात दिसत नाही. हे जवळजवळ पाच तास रोज जाणारच आहेत. ते बदलले पाहिजेत, त्याबद्दल पुढे बोलूच. पण ते आहेत तोवर त्यातला काही भाग दुसऱ्या बाईच्या सोबतीने गेला, तर मैत्रीला निराळा वेळ शोधावा लागत नाही.

मैत्रीला वेळ किती लागतो, हे अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी मोजायचा प्रयत्न केला. नुकतीच दुसऱ्या गावी राहायला गेलेली माणसं आणि विद्यापीठात नव्याने आलेली मुलं त्यांनी अभ्यासासाठी निवडली. 2018 मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास, मैत्रीण म्हणावी इतकी जवळीक यायला 90 आणि जिवाभावाची व्हायला 200 हून जास्त. आकडे अमेरिकेतले आहेत, ते जसेच्या तसे नाशिकला किंवा लातूरला लागू होतील असं नाही. तरी त्यांवर हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोन महिन्यांतून एकदा तीन तास हॉटेलात भेटणाऱ्या दोघींना 200 तास भरायला अकरा वर्षं लागतील. आठवड्यातून चार दिवस सकाळी चाळीस मिनिटं बरोबर चालणाऱ्या दोघींचे तेवढेच तास दीड वर्षात भरतात. हॉल यांना आणखी एक गोष्ट दिसली: कामाच्या ठिकाणी शेजारी बसून काढलेले तास तेवढे कामी येत नाहीत. मला हे अगदी पटतं. ऑफिसात डोकं आणि तोंड दोन्ही कामाला जुंपलेली असतात. जात्यावर, पाणवठ्यावर, वाळवणावर हात गुंतलेले असत आणि तोंड मोकळं असे. मैत्रीला हवी ती अशी कामं.

मुंबईच्या लोकलमधला बायकांचा डबा याच कारणाने इतक्या मैत्रिणी देऊ शकला. 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांची गाडी सुरू केली, पण डब्यातला संसार त्याच्या कितीतरी आधीपासून मांडलेला होता. विरारहून, कल्याणहून, पनवेलहून निघणाऱ्या बाईचा रोजचा तास-दीड तास एका जागी, त्याच चेहऱ्यांसमोर जातो. ‘कुठे?’ हा पहिला प्रश्न. उतरायचं स्टेशन कळलं की जागा ठरते, आणि काही दिवसांनी ती जागा कुणीतरी धरून ठेवायला लागतं. मांडीवर प्लास्टिकची पिशवी पसरून फरसबीच्या शिरा काढल्या जातात, लसूण सोलला जातो, पालेभाजी निवडली जाते. डब्यात हळदीकुंकू होतं, नवरात्रात रंग ठरतात, सात महिन्यांच्या पोटुशीचं डोहाळजेवण घातलं जातं, आणि त्यासाठी चौघीजणी घरून काय काय करून आणतात. एखादी दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी फोन जातो. चाळीस आठवडे रोज एका वेळेचा एक तास धरला तरी हॉल यांचे 200 तास पूर्ण होतात. त्या बायकांना कुणी मैत्रीसाठी वेळ काढायला सांगितलं नव्हतं. प्रवास टळणारा नव्हता, त्यांनी तो एकत्र केला.

जवळ राहण्याचंही असंच आहे. लिऑन फेस्टिंगर हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला. 1950 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. स्वभाव, आवडीनिवडी यांच्यापेक्षा दार कुणाच्या शेजारी आहे यावरून मैत्री जास्त ठरत होती. जिन्याजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी जास्त, कारण येणारा-जाणारा त्यांच्या दारावरून जाई. चाळीत राहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. गॅलरी एकच, नळ एकच, दार दिवसभर उघडं. गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर 15 मार्च 1959 रोजी सात शेजारणी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या आणि त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. ती फ्लॅटच्या बंद दारांआड सुरू झाली असती असं मला वाटत नाही. फ्लॅटमध्ये आपण स्वच्छ, स्वतंत्र झालो आणि दार लावून घेतलं. आता शेजारणीकडे जायचं तर आधी फोन करावा लागतो, ‘घरी आहेस का, येऊ का’ विचारावं लागतं, आणि घर आवरलेलं नसेल तर ‘नको, उद्या ये’ म्हणावं लागतं. घर आवरलेलं असण्याची अट लहान मुलांच्या आईच्या मैत्रीला सगळ्यांत जास्त मारक ठरते. सोफ्यावर न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग असताना जिला आत घेता येतं, तिच्याशीच पुढे काही जुळतं.

ठाण्यात माझ्या ओळखीच्या दोघीजणी एकाच इमारतीत, वरखालच्या मजल्यांवर राहतात. एक बँकेत, दुसरी घरून कपडे शिवते. मुलं लहान असताना दोघींना एकमेकींच्या नावापलीकडे काही माहीत नव्हतं. खालच्या मजल्यावरचीच्या घरी श्रावणात वालाचं बिरडं ठरलेलं. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा. दाण्याचं साल चिमटीत धरून दाबलं की आतला डाळिंबासारखा गर निसटून ताटात पडतो, मोड मात्र तुटू द्यायचा नाही. अर्धा किलो वाल सोलायला एकटीला तास जातो. एका रविवारी वरची काही परत द्यायला आली, समोर बसली आणि बोलता बोलता सोलायला लागली. पुढच्या रविवारी तिने तिची मेथी खाली आणली. आता रविवारी संध्याकाळी दोघींची आठवड्याची निवडानिवड एकत्र होते: मेथी, लसूण, मटार, कधी नारळ खवणं. मुलं आतल्या खोलीत भांडत असतात. चहा एकदाच होतो, तोही कुणीतरी उठून करतं. वरचीच्या वडिलांचं आजारपण, खालचीचा नोकरी सोडण्याचा विचार, नवऱ्याशी झालेला अबोला, यातलं काहीही ‘आपण बोलायला बसू’ म्हणून बोललं गेलेलं नाही. ताटातल्या दाण्यांकडे बघत बोललेलं सोपं जातं. डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही.

ज्यांना असं एकत्र काम करता येईल त्यांनी ते खुशाल करावं. डबे भरणं, दिवाळीचा फराळ, इस्त्री, मुलांची पुस्तकं कव्हर करणं, आठवड्याचा बाजार, यातलं काहीही चालेल. वेळ ठरलेली मात्र हवी. ‘भेटू या एकदा’ या वाक्याने आजवर फार थोड्या बायका भेटल्या. दर वेळी नव्याने वेळ ठरवायची असेल तर ठरवण्याचंच काम मोठं होतं आणि कुणी एकटीच ते करत राहते. रविवारी पाच म्हणजे पाच. जमलं नाही तर रद्द, पुढचा रविवार आहेच.

भाजी निवडण्याइतकंच जुनं आणखी एक वळण आपल्याकडे आहे, ते शेतावरचं. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात त्याला सावड म्हणतात, काही भागांत इर्जिक. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. पैसा हातात येत-जात नाही, फक्त पाळी फिरते. शहरातल्या चार आयांनी मुलांची सावड करावी असं मला फार मनापासून वाटतं. दर शनिवारी एकीच्या घरी चारही घरची मुलं, तीन तास. बाकी तिघींपैकी दोघी त्या वेळात बरोबर फिरायला जाऊ शकतात, एखादी नुसती झोपू शकते. यात मुलांनाही मावश्या मिळतात, आणि मावशीचं घर ज्याने लहानपणी पाहिलं आहे त्या मुलाला आईच्या मैत्रिणीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आता जरा अवघड भागाकडे वळते. मुलांमुळे ज्या बायका आपल्याला भेटतात त्या सगळ्या मैत्रिणी होत नाहीत, आणि व्हाव्यात अशी अपेक्षाही चुकीची आहे. शाळेच्या बसथांब्यावर आपण ‘आर्याची आई’, ‘वेदांतची आई’ असतो. फोनमध्येही नंबर तसाच साठवलेला असतो. बोलणं गृहपाठाचं, क्लासचं, खोकल्याच्या औषधाचं. ते उपयोगाचं आहेच. पण वर्षभर तेवढंच चाललं तर मुलाची तुकडी बदलली की ओळखही संपते. कुणीतरी एक पाऊल पुढे टाकावं लागतं. लग्नाआधी काय करायचीस, गाव कुठलं, गाणं शिकलीस का, हल्ली काय वाचलंस, असं मुलाला वगळून एखादं विचारावं. मी पाहिलंय, या प्रश्नाने बाईचा चेहरा बदलतो. तिला गेल्या कित्येक महिन्यांत तिच्याबद्दल कुणी काही विचारलेलंच नसतं.

शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ही या बाबतीत फार फसवी जागा. साठ आयांचा ग्रुप दिवसभर वाजत राहतो आणि आपण बायकांच्या संगतीत आहोत असा भास होतो. ऑक्सफर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी माणसाच्या नात्यांची वर्तुळं मांडली आहेत: साधारण 150 ओळखीपाळखीची माणसं, त्यांत 50, त्यांत 15, आणि अगदी आत 5, ज्यांच्याकडे रडायला जाता येतं. एकाच वेळी नीट चालणाऱ्या गप्पांतही चारपेक्षा जास्त माणसं टिकत नाहीत, पाचवं आलं की दोन घोळके होतात, हेही त्यांनी दाखवलं. साठजणींत कुणी म्हणत नाही की मला रात्रभर झोप येत नाही. त्या साठांतल्या दोघी-तिघी वेचून त्यांना वेगळा निरोप पाठवावा लागतो. आणि आतल्या पाचांत नवरा, आई, बहीण आधीच असतात. उरलेल्या जागा एक-दोन. म्हणून आपल्याला फार मैत्रिणी नाहीत याचं दुःख मानण्याचं कारण नाही.

उसनं मागणं हल्ली कमी झालंय, त्याने बरंच नुकसान केलंय. विरजण, वाटीभर साखर, चार कढीपत्त्याची पानं यांसाठी शेजारच्या दाराशी जाणं म्हणजे घरात व्यवस्था नाही याची कबुली, असं आपण मानू लागलो. दहा मिनिटांत सगळं दारात आणून देणाऱ्या सेवा आल्यापासून तर गरजच उरली नाही. पण वाटी गेली की ती परत येते, आणि आपल्याकडे वाटी रिकामी परत करायची नाही अशी रीत आहे. साखरेच्या वाटीतून चटणी येते, चटणीच्या वाटीतून लाडू जातो. या येण्या-जाण्यात दोन घरांना एकमेकींवर हक्क मिळत जातो. जिच्याकडे विरजण मागितलं होतं, तिलाच ताप आलेल्या पोराला घेऊन रात्री दवाखान्यात जाताना धाकट्याला सांभाळायला बोलावता येतं. जिच्याकडे कधीच काही मागितलं नाही तिला रात्री दोनला उठवायला जीभ रेटत नाही. मदत देणं सगळ्याच आयांना येतं. मागणं जमत नाही. स्वाभिमान, संकोच, ‘तिला कशाला त्रास’ ही त्याची कारणं मला माहीत आहेत, आणि तरीही म्हणेन की आधी मागावं, लहानसं काही मागावं.

ज्या मैत्रिणी दूर आहेत त्यांचं काय? बाईच्या मैत्रिणी दूर जातात त्या मुख्यतः लग्नाने. 2011 च्या जनगणनेतही बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हेच निघालं. मुलाचे शाळासोबती गावातच राहतात, पारावर भेटतात. मुलीच्या चार दिशांना चार जातात. त्यात आडनाव बदलतं, काहींचं नावही बदलतं, आणि वीस वर्षांनी शोधायचं म्हटलं तर कुठल्या नावाने शोधायचं हे कळत नाही.

अशा वेळी मला थिओडिशिया कार्पेंटर आठवतात. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या रोझेल गावची ही बाई. 1880 साली दातांच्या डॉक्टरकडे थांबलेली असताना तिने एक मिशनरी मासिक चाळलं. कोल्हापुरात टपाल खात्यात असलेल्या गोपाळराव जोशी नावाच्या माणसाचं पत्र त्यात छापलं होतं. बायकोला शिकवण्यासाठी तो मदत मागत होता, आणि मासिकाच्या संपादकाने आधी धर्म बदलण्याची अट पुढे केली होती. कार्पेंटरबाईंनी घरी येऊन पत्र लिहिलं. त्या वेळी गोपाळरावांची बायको आनंदीबाई पंधरा वर्षांच्या होत्या. वर्षभरापूर्वी त्यांचा दहा दिवसांचा मुलगा गेला होता. पुढची जवळजवळ तीन वर्षं या दोघी एकमेकींना लिहीत राहिल्या. पत्र बोटीने जाई. आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत कित्येक आठवडे उलटत. त्या पत्रांत चालीरीती होत्या, धर्म होता, बालविवाह होता, तब्येती होत्या. आनंदीबाईंना डोकेदुखी आणि तापाने घेरलं तेव्हा अमेरिकेतून औषधं आली. 1883 च्या जूनमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याशिवाय न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना उतरवून घ्यायला कार्पेंटरमावशी धक्क्यावर होत्या. 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, 1887 च्या फेब्रुवारीत, बाविसाव्या वर्षात पुण्यात त्या गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

एका अनोळखी बाईने दवाखान्यात मासिक वाचून पहिलं पत्र लिहिलं नसतं, तर हे काही घडलं नसतं. आपण मात्र जुन्या मैत्रिणीला नुसता ‘कशी आहेस’ एवढा निरोप पाठवायला महिनोन् महिने कचरतो. इतक्या दिवसांनी काय म्हणेल, कामात असेल, कारणाशिवाय कसा करू. पेगी लिऊ या अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये नेमका हाच संकोच तपासला. ज्याला असा अवचित निरोप येतो त्याला त्याचं किती बरं वाटतं, याचा पाठवणाऱ्याचा अंदाज सातत्याने कमी निघाला. आणि निरोप जितका अनपेक्षित, तितकं ते बरं वाटणं जास्त. म्हणून पोळ्या लाटताना फोन स्पीकरवर ठेवून लावावा. नाही लागला तर दोन मिनिटं बोलून आवाजाचा निरोप ठेवावा: आज तुझ्या आईची आमटी करतेय, आठवण आली, फोन नाही केलास तरी चालेल. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. उत्तराचं ओझं उतरवून दिलेला निरोप दमलेल्या आईला झेपतो. आणि उत्तर आठ दिवसांनी आलं तर ‘विसरलीस ना मला’ असं म्हणू नये. लहान मूल असलेल्या मैत्रिणीचा उशीर मनाला लावून घ्यायचा नसतो.

ज्यांना मूल नाही किंवा ज्यांनी लग्न केलं नाही त्या मैत्रिणी या काळात सगळ्यांत आधी गळतात, आणि त्यात आपला वाटा असतो. आपण बोलतो तेव्हा मुलाचंच बोलतो, भेटतो तेव्हा मूल कडेवर असतं, आणि ‘तुला नाही कळायचं’ हे वाक्य नकळत तोंडून जातं. तिच्या बढतीचं, तिच्या आजारी आईचं, तिच्या प्रवासाचं ऐकून घ्यायला महिन्यातून एक तास मुलाविना द्यावा. आपण आई होण्यापूर्वीची आपली ओळख तिला आहे. ती ओळख दुसऱ्या कुणी जपून ठेवलेली नसते.

मुलांच्या भांडणातून आयांची मैत्री तुटलेली मी बरीच पाहिली. याला एकच उपाय मला माहीत आहे: मुलांचं भांडण मुलांनी मिटवेपर्यंत दोन्ही आयांनी त्याबद्दल एकमेकींशी बोलायचं नाही, आणि भेटणं थांबवायचं नाही. मुलं दुसऱ्या दिवशी क्रिकेट खेळतात. आया वर्षभर बोलत नाहीत.

मघाच्या 299 आणि 97 कडे पुन्हा यायला हवं. आईने मैत्रिणीबरोबर घालवलेला तास आकाशातून पडत नाही. तेवढा वेळ मुलांजवळ कुणीतरी असावं लागतं. बहुतेक घरांत तो माणूस नवरा आहे, आणि बहुतेक घरांत त्याला तसं स्पष्ट सांगितलेलं नसतं. ‘जरा जाऊन येऊ का?’ असं विचारलं की तो परवानगी देणारा होतो. ‘गुरुवारी सात ते नऊ मी नाही, जेवण तू बघ’ असं सांगितलं की तो बाप होतो. पहिल्या दोन गुरुवारी फोन येतील: तूप कुठे आहे, हा जेवत नाही. तिसऱ्या गुरुवारी कमी होतील. सासूबाई घरात असतील तर त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावं. त्यांच्या पिढीला मंगळागौरीच्या जागरणाचं, भोंडल्याचं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं निमित्त होतं, समाजाने ते मान्य केलेलं होतं. सुनेला तेवढंही हक्काचं निमित्त उरलेलं नाही हे त्यांना सांगितलं तर पुष्कळजणी समजून घेतात. शिवाय हे निमित्त आपणही वापरावं. हळदीकुंकू म्हणजे वाण आणि वस्तू हा जो देखावा झालाय तो बाजूला ठेवून, विधवा-सधवा हा भेद टाकून, चौघींनी तिळगूळ खायला निवांत बसावं. जानेवारीत कुणी ‘कशाला’ म्हणून विचारणार नाही.

हे लाड नव्हेत, हे घरातल्या माणसांना सांगायची वेळ आली तर ज्युलिअॅन होल्ट-लुनस्टॅड या संशोधक बाईंचा 2010 चा अभ्यास सांगावा. 148 अभ्यासांतली तीन लाखांवर माणसांची माहिती त्यांनी एकत्र केली; ज्यांची माणसांशी नाती घट्ट होती त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा पन्नास टक्क्यांनी जास्त निघाली. डॉक्टर रक्तदाब विचारतात, साखर विचारतात. मैत्रीण किती दिवसांपूर्वी भेटली हेही विचारावं, असं मला खरंच वाटतं.

सगळ्यांत जास्त मैत्रीण लागते ती बाळंतपणानंतरच्या दिवसांत, आणि नेमकी तेव्हाच ती पाहुणी म्हणून येते. बाळंतविडा घेऊन येते, बाळाला झबलं देते, अर्धा तास बसते, चहा घेते आणि तो करायला बाळंतिणीच्या आईला उठावं लागतं. तुमची कुणी मैत्रीण आत्ता त्या दिवसांत असेल तर तिच्याकडे सकाळी अकराच्या सुमाराला जा. डिंकाचे लाडू घरी भरपूर असतील, ते नेऊ नका. तिच्या आवडीचं तिखट काही तिला चालत असेल ते विचारून न्या. बाळ हातात घ्या आणि तिला केस धुवायला पाठवा. ती बाहेर आली की बाळ कसं आहे हे विचारू नका, ते तुम्हाला दिसतच असतं. ती रात्री किती वेळ झोपली ते विचारा, आणि ती रडली तर रडू द्या. निघताना ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका. पुढच्या मंगळवारी पुन्हा अकराला येते, एवढं सांगा, आणि मंगळवारी जा.